दिवेलागणीचं नेट

बोरवडीहून मुंबईची एसटी संध्याकाळी सुटते, हे तुम्हा गावातल्यांना सांगायला नको. पण मी त्या गाडीने कायमची निघाले त्या दिवशी आमच्या ओट्यावर काय चाललं होतं, ते तुम्हालाही नीट कळलं नसेल. आईने दुपारपासूनच माझं सामान बाहेर काढायला सुरुवात केली होती. बॅगा, गादीची वळकटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, ज्वारीच्या पिठाची पिशवी, सगळं ओट्यावर. एकदा देवापाशी दिवा लागला की घरातलं काही उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही, हा तिचा कायदा. मीठ नाही, दूध नाही, विरजण तर मुळीच नाही. ती लक्ष्मीची घरात यायची वेळ असते. सामान लावून झालं आणि तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू बी भाईर बस," ती म्हणाली. "दिवा लागायच्या आदी."

म्हणजे मीही मीठ-विरजणाच्याच रांगेतली. गुमान पिठाच्या पिशवीशेजारी जाऊन बसले. आत दिवा लागला, आईचं पुटपुटणं ऐकू आलं, आणि गाडीची वेळ होईपर्यंत मी आपल्याच घराकडे बाहेरून बघत राहिले. हसू येत होतं आणि रडूही. रडले असते तर तुम्ही म्हणाला असता, एवढी नोकरी लागली तरी बया रडतेच. म्हणून हसले.

जुईनगरला आले, पहिल्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं. ऑफिस बेलापूरला, त्यातले निम्मे दिवस घरूनच काम. फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, बाल्कनीत दोन कुंड्या आल्या. फक्त माणूस काही आलं नाही. दाराची बेल वाजायची ती पार्सलवाल्यासाठी. बोरवडीत दिवसा दाराला कडी लावली तर कुणीतरी हमखास विचारणार, "का गं, बरं न्हाई का?" इथे एकदा हवा यावी म्हणून दार उघडं ठेवलं, तर वॉचमन काठी घेऊन वर आला. "मॅडम, काय प्रॉब्लेम?" त्या दिवसापासून मी कडी लावायला शिकले.

वायफाय बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, नाव काय ठेवू? मी म्हटलं, बोरवडी. कुठे तरी गावाचं नाव असावं म्हणून. पासवर्ड? तो नकोच, मी विसरते. ऑफिसातल्या मैत्रिणीने हे ऐकून कपाळावर हात मारला. कुणी तुझ्या नेटवरून उद्योग केले तर पोलीस तुझ्या दारात येतील, म्हणाली. आणि दुसऱ्याचं नेट न विचारता वापरणं ही सरळसरळ चोरी. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

मग आई आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. डोळ्याला हिरवा चष्मा लावून ती दिवसभर माझ्यामागे प्रश्न विचारत हिंडायची. त्या लुकलुकणाऱ्या डबीतून काय येतं? ते भिंतीतून पलीकडे जातं का? जातं म्हटल्यावर, मग ते कोणी घेतं का? मी मैत्रिणीचं मत सांगितलं. चोरी. आईला ते पटलं नाही.

"खाली पडल्याली बोरं येचायला कोन इचारतं?" ती म्हणाली. "झाड हलवायचं तर इचारावं."

एवढा मोठ्या मनाचा निवाडा देणाऱ्या बाईने त्याच संध्याकाळी काय करावं? देवापाशी दिवा लावला आणि सरळ जाऊन राउटरचा स्विच बंद केला. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते, समोरची सगळी तोंडं एकदम गोठली. मी ओरडले, तर ती शांत. "घरातलंच हाय न्हवं ते? मग दिवा लागल्यावर भाईर कसं जाऊ द्यायचं? जेवनं झाल्यावर लाव की परत." वाद घालून पाहिला. डोळ्यांत थेंब घालून घेणाऱ्या आईशी वाद घालणं किती जड जातं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मी मोबाइलच्या डेटावर काम सुरू केलं.

असे तीन-चार दिवस गेले, आणि एका संध्याकाळी बेल वाजली. दारात एक बाई, कडेवर पोर, हातात मोबाइल.

"ताई, तुमचं नेट बंद हाय काय?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण बाईचा चेहरा काही चोराचा नव्हता. बोलता बोलता सगळं कळलं. ती दर्शना, माहेर जासईचं, बरोबर माझ्या खालच्या घरात भाड्याने राहणारी. नवरा मालाच्या बोटीवर, संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की त्याला जरा वेळ रेंज मिळते, तेवढ्यात तो घरी व्हिडिओ कॉल करतो. हिच्या घरात मोबाइलला रेंज म्हणून नाही. फोनवर एकदा 'बोरवडी' असं नाव दिसलं, दाबलं, लागलं.

"मला वाटला, बोरवडी म्हंजे कंपनीच हाय कनची तरी," ती म्हणाली. "मंग रोज बरोबर दिवाबत्तीलाच बंद पडायला लागला. दुपारी जिन्यात मोबाइल घेऊन फिरले, तवा तुमचे दारापाशी पूर्न रेघा आल्या. माजे मिस्टर तिकडं टेन्शनमदी हायत. फोन का उचलत नाय, म्हनून पोरीचे आजोबांना सतरांदा फोन लावतात."

मी आत वळून स्विच लावणार, तोच आई मधे उभी. तिने त्या परक्या बाईला सरळ सांगून टाकलं, "दिवा लागल्यावर आमी घरातलं भाईर देत न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही बाई साऱ्या सोसायटीत सांगणार, पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीला लागलंय वेड.

पण दर्शना हसली नाही. "बरोबर हाय, मावशी. माजी आईस पन दिवाबत्तीला मीठ देत नाय कोनाला." आणि ती वळली. पोरीने मान मागे टाकून आमच्या बंद राउटरकडे पाहिलं. दर्शनाचा खांदा असा उतरला होता की मला आईचा रागच आला. त्या माणसाची बोट तिकडे सुटायची वेळ झाली असेल, आणि इथे माझी आई लक्ष्मी सांभाळत बसली होती.

"जातीस कुटं?" आई तिच्या पाठीवर खेकसली. "भाईर देत न्हाई म्हटलं. आत यायला कुनी न्हाई म्हटलंय व्हय?"

दर्शना आत आली. आईनेच स्विच लावला. मी शहाणपणा केला, म्हटलं, "आई, हे तर आता बाहेरही जाणार." तर म्हणाली, "घरात बसलीया तिला दिलं. भिंतीतनं सांडलं ते सांडलं." ह्यापुढे कोणतंच कोर्ट जाणार नाही.

थोड्या वेळाने मोबाइलवर एक दमलेला माणूस दिसला, मागे क्रेन, वाऱ्याने केस उडालेले. बायको-पोरगी बघून तो नुसता हसत राहिला. आई मधे डोकं घालून ओरडली, "जेवलास का रं?" आणि ज्याला ती जन्मात भेटली नव्हती त्याने "जेवलो, मावशी," असं सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवत राहिले. डोळे भरून आले होते माझे. कितीतरी दिवसांनी माझ्या घरात दिवेलागणीला माणसांचा आवाज होता.

मग ते रोजचंच झालं. दिवा लागायचा, नेट बंद व्हायचं आणि खालून पोरीची आरोळी यायची, "मम्मी, बोरवडी गेली!" आपल्या गावाचं नाव जिन्यात असं कुणी ओरडेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती पोरगी, स्वरा तिचं नाव, आईच्या मांडीवर बसून चटणी-भाकरी खायला शिकली. दर्शना येताना कधी तांदळाच्या भाकऱ्या आणायची, कधी नुसत्या गप्पा. त्या गप्पांत मला कळलं की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी मेथी शिळी असते, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू वाटतात तेवढ्या शिष्ट नाहीत.

आईचा डोळा बरा झाला, ती गावी गेली. मग मी शहाण्यासारखी वागले. पासवर्ड टाकला, कारण मैत्रीण पोलिसांचं म्हणाली ते काही खोटं नव्हतं. तो दर्शनाला देऊन आले. "विचारायचं नाही, हवं तेव्हा वापर," म्हटलं. तिने आनंदाने घेतला. आणि संध्याकाळी माझ्याकडे कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खालून नवऱ्याशी बोलल्याचा आवाज यायचा, हसण्याचा यायचा. नेट झकास चाललं होतं, आणि मी एकटीच टीव्हीसमोर जेवत होते.

आईला फोनवर हे सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "दिवा लावतीस का न्हाई?"

तुम्ही गावाकडचे नेहमी विचारता, तिकडे करमतं का गं? आणि माझ्यासारखे आणखी लांब गेलेले तुम्ही, कुणी पुण्याला, कुणी दुबईला, तेच विचारता. पूर्वी मी 'हो हो' म्हणून विषय बदलायची. आता बदलत नाही. करमतं. बोरवडीची आठवण येते, ओट्याची तर फारच येते. पण दिवेलागणीला मी आता उंबऱ्याच्या आतल्या बाजूला असते, आणि दिवा मीच लावते.

दिवा लावते आणि राउटरचा स्विच बंद करते. मी हे मुद्दाम करते ते दर्शनाला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही. खालून स्वरा ओरडते, "मम्मी, बोरवडी गेली!" मग जिन्यात चपला वाजायला लागतात. बेल वाजायच्या आत मी जाऊन दाराची कडी काढून ठेवते.