काळ्या काठाचं पाकीट

आमचे हे रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात इटलीनं ठाण मांडलं. तरुणपणी कंपनीनं त्यांना सहा महिने तिकडे शिकायला पाठवलं होतं. समुद्रकाठचं गाव, थंडीतसुद्धा ऊन, आणि काम शिकवणारा एक मिस्त्री, ज्याची यांच्यावर भारी माया. रिटायर झालास की बायकोला घेऊन ये, खालच्या दोन खोल्या तुमच्याच, असं तो दर नाताळाला लिहायचा. यांनी खरंच विचारलं, येऊ का म्हणून. होकार आला की चिंचवडचं घर विकायचं, हेही ठरवून मोकळे. मला विचारायचं? छे, ते कशाला.

त्या घराच्या भिंतींना मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारलंय. कासारवाडीला माझी लेक, पोटुशी. मी स्पष्ट सांगितलं, मी यायची नाही. ते म्हणाले, "उत्तर तर येऊ दे."

उत्तर आलं तेव्हा ते रॉकेलच्या रांगेत होते. पोस्टमननं पाकीट माझ्याच हातात दिलं. परदेशी तिकीट, चारी बाजूंनी बारीक काळा काठ. आपण पत्रिकेला हळदकुंकू लावतो तसं तिकडच्या लोकांचं काही शुभाचं असेल, म्हटलं, म्हणजे होकारच. फाडायची हिंमत होईना. तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसून ठेवलं.

मग रोज अकराला हे फाटकाशी उभे. पोस्टमन गेल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. डब्यातली डाळ खाली चालली होती आणि त्याच डाळीची आमटी मी त्यांना वाढत होते.

महिन्याभरानं जेवताना ते एकदम म्हणाले, "म्हातारा रागावला असेल का गं? भीक मागितल्यासारखं लिहिलं मी."

मला राहवेना. उठले, पाकीट काढून समोर ठेवलं आणि म्हटलं, "मीच लपवलं होतं."

त्यांनी ते उघडलं नाही. काठावरून नुसतं बोट फिरवलं. "माणूस गेला की तिकडे असं पाकीट येतं," म्हणाले. मग चिंचवडच्या पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख बघितली. आपल्याकडे असलं पत्र वाचल्याबरोबर फाडतात, घरात ठेवत नाहीत. मी ते महिनाभर अन्नात ठेवलं होतं.

पत्र मिस्त्रीच्या मुलीचं होतं. यांनी अडखळत वाचून मला अर्थ सांगितला. तुमचं पत्र बाबांनी वाचलं होतं, खोल्यांना चुना काढून घेतला होता, आणि त्याच आठवड्यात ते गेले.

"पाणी तापवू का?" मी विचारलं.

"नको." पत्र फाडून ते गार पाण्यानंच अंघोळीला गेले.

मला रागावले असते तर बरं झालं असतं. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. पण अकरा वाजले की ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे, आणि पोस्टमन गेला तरी त्यांना जेवायला हाक मारायची माझी छाती व्हायची नाही.