कलब्याच्या खारफुटीत कावळा

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. शारजाच्या अल नहदात चौदाव्या मजल्यावर सतरा वर्षं काढलेल्या बाईला जेवढे पक्षी कळावेत तेवढे कळतात: पारवे, आणि पारव्यांची घाण. त्यामुळे ऑक्टोबरच्या तोंडावर एका शनिवारी सकाळी सात वाजता मी गळ्यात भाड्याची दुर्बीण आणि पायात लेकीचे बूट घालून कलब्याला 'गाइडेड बर्डवॉचिंग सफारी'साठी उभी होते, ती काही हौसेनं नव्हे. आम्हाला कावळा हवा होता.

आई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली होती. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या शनिवारी त्यांची तिथी होती. पितृपक्ष लागला तेव्हाच तिनं विचारलं होतं, "इथे कावळ्याचा घास कुठे ठेवता गं?"

"फ्रिजमध्ये," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्यानं बाल्कनीचं दार उघडून दिलं. आईनं वाटीभर भात ठेवून पाहिला. पाच मिनिटांत वीस पारवे आले आणि दहाव्या मिनिटाला बिल्डिंगचा नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, वर आला. "मॅडम, बर्ड को खाना नहीं डालने का. कंप्लेंट आया. खलास." आई आतून ओरडली, "पारव्यानं खाल्लेलं चालतच नाही, सांग त्याला! आम्हाला कुठे हौस आहे?"

कोणी म्हणेल, एवढा काय तो कावळ्याचा सोस. पण त्याला कारण होतं. बाबांच्या दहाव्याला गावच्या घाटावर कावळा शिवला नव्हता. चुलतभावानं पिंड ठेवले, कावळे समोरच्या चिंचेवर येऊन बसले आणि बसूनच राहिले. मग सुरू झाला आश्वासनांचा कार्यक्रम. काका म्हणाले, "दादा, बांधाची केस मागे घेतो." कावळ्यानं चोच घासली. माझ्याकडे सगळे बघायला लागले, म्हणून मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, आईला मी शारजाला घेऊन जाईन, काळजी करू नका." तर कावळा चक्क पाठ फिरवून बसला. चारचौघांत इतका अपमान माझा माझ्या मॅनेजरनंही कधी केला नव्हता. दोन तासांनी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. काकांनी केस अजून मागे घेतलेली नाही.

पण तेव्हापासून आईच्या मनात बसलं होतं, की यांचं काहीतरी राहिलं. या वर्षी खरा कावळा शिवायला हवा, बस्स.

कावळ्याचा पत्ता लावला माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीनं. तिला आजीचं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पक्षी बघणाऱ्यांचं कुठलंसं ॲप उघडून ती म्हणाली, "आजी, हाऊस क्रो! हंड्रेड प्लस! कलबा!" शंभर कावळे ऐकून आईचा चेहरा असा फुलला, जणू सोन्याची खाण सापडली. फक्त तिथल्या खारफुटीत आपलं आपण शिरता येत नाही, गाइडबरोबर जावं लागतं. म्हणून ही सफारी.

आदल्या दिवशी मी आईला म्हटलं होतं, वडे विकत आणू. त्यावर काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. पहाटे उठून तिनं सगळा स्वयंपाक स्वतः केला: वडे, भात, आमटी, लाल भोपळ्याची भाजी, खीर. मी नुसती हाताखाली. नैवेद्याचं आधी चाखायचं नसतं. लहानपणी एकदा वड्याचा तुकडा तोंडात टाकला म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता, तो अजून आठवतो. डबा भरला, नवरा ड्यूटीवर गेला, आणि मी गाडी काढली. बोगद्यांतून डोंगर पार करून समुद्र दिसेपर्यंत आई डबा मांडीवर धरून बसली होती.

आमचा गाइड आफ्रिकेतला होता, बोट्स्वानाचा. ओकावांगो नावाच्या नदीच्या पाणथळीत तो लहानाचा मोठा झालेला. ती नदी म्हणे समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात पसरते आणि तिथेच जिरते. "अगं बाई," आई म्हणाली, "बिचारी." साडेसहा फूट उंच माणूस, आवाज खर्जातला, आणि बोलायला लागला तर हिंदी! "रूम में दो केरला, एक पेशावर," तो आईला म्हणाला. "हिंदी नहीं सीखेगा तो खाना नहीं मिलेगा, माताजी."

आमच्याबरोबर एक म्हातारं गोरं जोडपं होतं. दोघांच्या अंगावर एकसारखी खाकी जाकिटं, बारा-बारा खिशांची, आणि नवऱ्याच्या कॅमेऱ्याला उखळी तोफेएवढी लेन्स. गाइडनं आम्हाला गोल उभं केलं आणि प्रत्येकाला विचारलं, आज तुमचा 'टार्गेट बर्ड' कोणता? म्हणजे कुठला पक्षी दिसला की पैसे वसूल?

जोडप्याला गळपट्टीचा खंड्या हवा होता, जो या भागात फक्त इथेच दिसतो. त्यासाठी ते दुसऱ्यांदा विमानानं आले होते. लेक म्हणाली, फ्लेमिंगो. मग तो वाकून आईला म्हणाला, "और माताजी को?"

"कौआ," आई म्हणाली.

तो हसला. आई हसली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी बुटांकडे बघितलं.

"माताजी, कौआ बहुत खराब बर्ड है. इधर का नहीं है. इंडिया से शिप में बैठ के आया, फिर वापस गया ही नहीं. दूसरे का अंडा खाता है."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे आपले जावईबापूच की."

नवरा ड्यूटीवर होता म्हणून वाचला. पण गाइडचं बोलणं पुढे होतं. इथे कावळे कमी करायची मोहीम चालू आहे, कावळा दिसला की त्याची जागा ऑफिसला कळवायची, हे त्याचं कामच होतं. शेवटी त्यानं बोट वर करून सांगितलं, आत गेल्यावर खाण्याची पिशवी उघडायची नाही. पक्ष्यांना घास घालणं सक्त मना. माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून वड्यांचा वास दरवळत होता. त्यानं एकदा नाक वर करून हुंगलं आणि पुढे चालायला लागला.

आत लाकडी पूल होता, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि खाली चिखल. या माणसानं आयुष्यभर लोकांना पाणघोड्यांच्या अन् मगरींच्या मधून नेलेलं, ती शिस्त काही सुटली नव्हती. एका ओळीत चाला. बोलू नका. मी मूठ वर केली की थांबा. त्यानं मूठ वर केली, आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो, आणि समोरून एक खेकडा आडवा गेला.

पक्षी मात्र दिसले, नाही म्हणणार नाही. राखी बगळे, पांढरे बगळे, चिखलात सुई घातल्यासारखी चोच घालणारे बारके बारके पक्षी, मासे मारणारी घार. लेकीला लांबवर फ्लेमिंगो दिसले. आणि तो खंड्या! निळाशार, गळ्याशी पांढरा पट्टा, आमच्यापासून हातभर अंतरावर फांदीवर येऊन बसला. गोऱ्या आजोबांचे हात इतके थरथरले, की त्यांना फोटोच काढता येईना. बायकोनं त्यांचं कोपर धरून ठेवलं तेव्हा कुठे निघाला. मला आपलं उगाच भरून आलं.

आईनं खंड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याच्या मागे कावळा असेल का?"

नव्हता. दोन तासांत एक कावळा नाही. ॲपवरचे शंभर कुठे गेले म्हणून मी गाइडला विचारलं, तर तो म्हणाला, गेल्याच महिन्यात मोहीम झाली. घ्या! एरवी नको तिथे ओरडतात, आणि आज त्यांच्या नावानं पहाटे उठून वडे तळले तर गावात एक नाही. मी चिडले. उन्हानं, बुटांनी, आणि खरं सांगायचं तर आईच्या चेहऱ्यानं.

"पुरे झालं आता," मी म्हटलं. "दर्भाचा चालला तसा कागदाचा करू. बाबांना काय कळणार आहे?"

आई पुलावरच्या बाकावर बसली. हळू म्हणाली, "मी त्यांना शेवटचं जेवण अळणी वाढलं गं."

मला कळेना. बाबांना बीपी होतं, मीठ बंद होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सहा वर्षं आमच्या घरी स्वयंपाकच बिनमिठाचा व्हायचा, बाकीचे पानात वरून घ्यायचे. पण त्या शेवटच्या रात्री बाबांनी मीठ मागितलं होतं. चिमूटभर. "आजच्या दिवस दे," म्हणाले. आईनं मिठाचं भांडं उचलून फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "मुकाट्यानं जेवा, लहान आहात का?" ते जेवले. सकाळी उठलेच नाहीत.

"चिमूटभर दिलं असतं तर काय झालं असतं?" आई म्हणाली.

मला एकदम आमचं रोजचं जेवण आठवलं. आल्यापासून ती आमटीत मीठ पडायच्या आधी स्वतःपुरती वाटीभर काढून ठेवायची. मी रोज वैतागायचे. "तुला कुठे बीपी आहे?" म्हणायचे. ती म्हणायची, "सवय गेली मिठाची." दीड वर्ष ती स्वतःला अळणी वाढत होती, आणि मी तिच्याशी भांडत होते. मला माझी फार लाज वाटली. मी तिच्या हातातली पाण्याची बाटली नुसतीच उघडून दिली.

साडेदहाला सफारी संपली. जोडपं आनंदानं निरोप घेऊन गेलं. बाहेर रस्त्यापलीकडे एक कॅफेटेरिया होता, तिथे चहा घ्यायला आम्ही थांबलो, गाइडही आला. मी चहाचे कप घेऊन वळते, तर लेक कुजबुजली, "मम्मा. डोन्ट मूव्ह." आणि तिनं, खरं सांगते, मूठ वर केली.

कॅफेटेरियाच्या पाटीवर कावळा बसला होता. एकटा, जरासा विस्कटलेला. बाबांसारखीच मान तिरकी करून, जगावर नाराज.

आईनं पानही नीट मांडलं नाही. गाडीच्या बॉनेटवर कागदी प्लेट ठेवली, भात, वडा, आमटी, भाजी वाढली, हात जोडले. आम्ही मागे सरकलो. कावळा उतरला, दोन उड्या मारून जवळ आला, वडा उचलला, चोचीत फिरवला, आणि टाकून दिला. मग भातात एकदा चोच घातली, मान झटकली, आणि परत पाटीवर.

"शिवला!" मी ओरडले. "आई, शिवला! चोच लागली!"

"थुंकला तो," आई म्हणाली.

तिचे डोळे भरले होते. पण आई ती आई. दारात आलेला माणूस तिथीच्या दिवशी उपाशी जाता कामा नये. तिनं डोळे पुसले, दुसरी प्लेट भरली आणि गाइडपुढे धरली. "हमारे उनका दिन है. खाके जाना." त्यानं टोपी काढली, प्लेट दोन्ही हातांनी घेतली, वडा आमटीत बुडवून खाल्ला. आई बघत होती. तो चावत राहिला. एवढा मोठा माणूस, पण फार अवघडला होता.

"अच्छा है, माताजी," तो म्हणाला. "बहुत अच्छा. बस... नमक किधर है?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आमटीत बोट बुडवून चाटलं. अळणी. भाजी अळणी. वडा अळणी. सहा वर्षांत तिच्या हाताला मिठाकडे जायची सवयच राहिली नव्हती, आणि चाखायचं तर कुणीच नव्हतं.

"अगं, परत!" आई म्हणाली. "परत तेच वाढलं मी त्यांना!" आणि ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून धारा लागलेल्या. लेकीला काही कळेना, तिनं आजीला घट्ट मिठी मारली.

मी धावत जाऊन कॅफेटेरियातून मिठाच्या पुड्या आणल्या, मूठभर. आईनं एक फोडली आणि बॉनेटवरच्या पानात भातावर, आमटीवर, वड्यावर मीठ पेरलं. चिमूटभर नाही, चांगलं सढळ हातानं. मग पाटीकडे बघून म्हणाली, "या. घ्या मनासारखं. आता कुठलं आलंय बीपी?"

माझा नवरा म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. म्हणू दे. कावळा खाली आला. भात खाल्ला, वडा पायाखाली धरून तुकडे तुकडे करून खाल्ला, आमटी सांडली, तेही बाबांसारखंच. पाच मिनिटं तो खात होता आणि आम्ही चौघं हललो नाही. गाइडनं खिशातून कावळे कळवायचा फोन काढला होता, तो त्यानं तसाच परत ठेवला. "आज मैंने खंड्या देखा," तो म्हणाला. "और कुछ नहीं." खंड्या हा शब्द लेकीनं त्याला सकाळीच शिकवला होता.

कावळा उडाला. प्लेट स्वच्छ होती. आईनं बॉनेटवरची शितं टिपून घेतली, गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसली आणि डबा मांडीवर ओढला.

"मलाही वाढ," ती म्हणाली. "आणि ती मिठाची पुडी दे इकडे."