निळ्या ताऱ्याची ओळख

वसईच्या बसथांब्यावर ती मुलगी रोज माझ्या शेजारी उभी असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनेही माझं नाही. पाठीवर लॅपटॉप, तोंडात सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचा तुकडा आणि नजर वर, तीही भर सकाळी, जेव्हा आकाशात एकही तारा दिसत नाही. त्या नादात एखादी बस तरी तिच्या समोरून निघून जायचीच.

ती एका प्रचंड, तापट, निळ्या ताऱ्यावर संशोधन करत होती. एकदा फारच वैतागलेली दिसली.

"आंटी, त्याच्या प्रकाशातल्या रेषा बदलल्यात. असे तारे थंड दिसायला लागले की जास्त उजळतात. हा थंड दिसतोय, पण उजळलाच नाही! सर म्हणतात, तू चुकून दुसराच तारा बघितलास."

"मग, बघितलास का?"

"काहीतरीच! त्याने कसलंही रूप घेऊ दे, मी ओळखणार."

नवरा गेल्यापासून मी काळी साडी नेसत होते, डोक्यावर पदर घेऊन. आमच्या ख्रिस्ती घरात वर्षभर तसा रिवाज आहे. चर्चमध्ये त्याच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी मी पिवळी साडी नेसून, पदर खांद्यावर घेऊन थांब्यावर गेले. मुलगी आली, परक्यासारखी हसली आणि जरा वेळाने काळजीने म्हणाली, "इथे काळ्या साडीतल्या एक आंटी असायच्या. बऱ्या आहेत ना त्या?"

मला तिच्या ताऱ्याची दयाच आली.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "आजपासून."