साळवे काकांसाठी बजेट लॅपटॉप

पवार सरांनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मॅडम, हा डेमो पीस आहे. ऑफिस स्टाफला चालेल का ते बघा. साळवेंनाही यातलाच द्यायचाय. त्यांच्यासाठी वेगळं मॉडेल मंजूर होणार नाही."

शेंद्र्याच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी IT बघते. पवार सर आमचे प्लांट हेड. नवीन कॉम्प्युटर घ्यायचे असले की आधी एक पीस माझ्याकडं येतो. तो चार-आठ दिवस वापरून त्याची चांगली-वाईट बाजू लिहून द्यायची, हे माझं काम.

साळवे काका फायनल इन्स्पेक्शनला होते. पार्ट गिऱ्हाइकाकडं जाण्याआधी त्याला शेवटचा बघणारा माणूस. ट्यूबलाइटखाली पार्ट तिरका धरायचा, ओरखडा दिसतो का, कुठं धातूची कोर राहिली का, ते बघायचं. प्लांट सुरू झाल्यापासून त्यांनी हेच केलं. नंतर त्यांना काचबिंदू झाला. या आजारात नजर कडेकडून आत आक्रसत येते. आधी काका ट्रॉल्यांना धडकायला लागले. लाइनवर त्यांची थट्टा झाली. मग त्यांनी पास केलेला एक लॉट खराब म्हणून परत आला, तेव्हा सगळं उघड झालं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही.

नोकरीत असताना असं काही झालं तर माणसाला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. हा कायदा सरकारी नोकरीसाठी आहे, पण आमच्या कंपनीनंही तोच नियम ठेवलाय. HR नं त्यांना गेटवर बसायला सांगितलं. काका म्हणाले, येणाऱ्याचं तोंड दिसत नाही तर गेटवर बसून काय करू? त्यांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारींचं काम मागितलं. तक्रार मेलवर येते. ती वाचायची, दोष कोणत्या मशीनवर आला असेल ते ठरवायचं आणि उत्तर लिहायचं. दोषांची त्यांना पक्की ओळख होती. अडचण फक्त वाचण्या-लिहिण्याची होती. पवार सरांनी ट्रायल घेऊ म्हटलं, पण त्यांचा फारसा विश्वास नव्हता हे दिसत होतं.

मी लॅपटॉप वापरायला घेतला. वजनाला हलका. कीबोर्ड चांगला, बटणं खोल दाबली जात होती. SSD असल्यानं पटकन सुरू व्हायचा. SSD म्हणजे आत फिरणारी तबकडी नसलेली डिस्क. बॅटरी तर कौतुक करावी अशी, शिफ्ट संपली तरी शिल्लक राहायची. वाईट बाजू म्हणजे बॉडी प्लॅस्टिकची, बिजागरी कच्ची, आणि स्क्रीन फारच मंद. खिडकीजवळ बसलं की अक्षरं धुवून निघाल्यासारखी दिसायची. ऑफिस स्टाफ दिवसभर एक्सेल बघतो. त्यांच्यासाठी मी मनातल्या मनात नापास करून टाकला होता.

काकांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं. मी अक्षरं मोठी करत गेले. शेवटी एका वेळी एकच शब्द मावायला लागला. तो डोळ्यांच्या मधोमध आणायला ते मान वळवत, माउस हलवत होते. एक मेल वाचता वाचता त्यांच्या कपाळावर घाम आला. म्हणाले, "स्क्रीन मोठा पायजे मॅडम. मोठा अन् चकचकीत. मग जमतंय मला."

मी त्यांना स्क्रीन रीडर दाखवला. स्क्रीनवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर असतं. माउस लागत नाही, बटणांनीच एकेक ओळ पुढं सरकायचं. ज्यांना अजिबात दिसत नाही अशी माणसं यावर नोकऱ्या करतात, असंही मी सांगितलं. ते सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. काका खुर्ची मागं सारून उठले.

"ते आंधळ्या मानसाचं झालं. मला दिसतंय अजून."

दोन-तीन दिवस ते माझ्याकडं फिरकले नाहीत. मग आपणच आले आणि खुर्चीवर बसले. नंतर कधीतरी कळलं की घरी चहाचा कप त्यांच्या हातून टेबलाच्या कडेबाहेर ठेवला गेला होता. नातीच्या पायावर चहा सांडला. फार भाजलं नाही, पण काका त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांनी शिकायचं मनावर घेतलं. काकांचं ITI झालेलं, कामापुरतं इंग्रजी येत होतं. कीबोर्डवरच्या जागा बोटांनी पाठ केल्या. आवाजाचा वेग आधी हळू ठेवला, मग वाढवत नेला. बघता बघता माझ्या कानाला नुसती कलकल वाटावी इतक्या वेगानं ते ऐकायला लागले.

ट्रायलच्या दिवशी पवार सर शेजारी बसले. तक्रार एका ब्रॅकेटची होती. आमच्याकडं पार्ट नंबरच्या सुरुवातीला एक अक्षर असतं. L म्हणजे डाव्या बाजूचा, R म्हणजे उजव्या. काकांनी मेल ऐकला, थोडा वेळ विचार केला, उत्तर लिहिलं. दोष बरोबर ओळखला, मशीन बरोबर सांगितलं. पण तक्रार डाव्या ब्रॅकेटची होती आणि उत्तर उजव्याचं लिहिलं गेलं. असं उत्तर गिऱ्हाइकाकडं गेलं असतं तर चांगला माल अडकून पडला असता आणि खराब माल गाडीवर चढला असता.

सर रागावले नाहीत. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, माणूस चांगला आहे, पण उगाच ताणू नका. गेटवर बसू द्या."

मी आत गेले. काका तसेच बसून होते. मी विचारलं, L ऐकू आला नाही का?

"अक्षरच नव्हतं त्यात. नुसता नंबर बोलला तो. मला वाटलं, लिहिनाऱ्यानं सोडलं असंल. त्या ब्रॅकेटच्या तक्रारी जास्ती उजव्याच्याच येतात."

मेलमध्ये तर अक्षर होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी त्यांचा साधा हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि त्यांच्यासारखं ऐकायला लागले. ओळीमागून ओळ भराभर ऐकली की सगळं ठीक होतं. पण मध्ये जरा थांबून पुढचं बटण दाबलं की पहिला आवाज गायब. 'मेल'चा 'एल' व्हायचा. पुन्हा थांबले, पुन्हा तेच. पार्ट नंबर वेगळ्या ओळीवर असायचा आणि ती ओळ लावण्याआधी काका सावधपणानं थांबायचे. नेमकं तिथंच अक्षर गिळलं जात होतं.

कारण सापडलं. बॅटरी वाचवण्यासाठी हा लॅपटॉप काही क्षण शांतता मिळाली की आवाजाची चिप झोपवून टाकायचा. पुन्हा आवाज आला की ती जागी व्हायची, पण जागं होईतो सुरुवातीचा तुकडा निघून जायचा. गाणं ऐकणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. ज्या बॅटरीचं मी कौतुक करत होते तिच्यातला थोडा भाग असा वाचवलेला होता. सेटिंगमध्ये ते बंद करायची सोय या मॉडेलला नव्हती.

उपाय सोपा होता. USB हेडसेटमध्ये आवाजाची चिप वेगळी असते, तिचा लॅपटॉपच्या चिपशी संबंध नाही. मी एका कानाचा हेडसेट आणला. दुसरा कान मोकळा हवा होता, कारण काकांच्या टेबलामागून फोर्कलिफ्ट जायची. लावून बघितला. थांबून ऐकलं, न थांबता ऐकलं. L नीट ऐकू आला.

पवार सरांना सगळं सांगितलं आणि हेडफोन देऊन ऐकवलंही. त्यांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, पुन्हा बसू.

दुसऱ्या ट्रायलला काका बसले, पण बटण दाबेनात. त्यांची मान सारखी स्क्रीनकडं वळत होती. उरलेल्या नजरेत काही सापडतंय का, ते शोधत होते. आम्ही थांबलो. मग हात मांडीवर ठेवून ते हळूच म्हणाले, "स्क्रीन बंद करा मॅडम. त्याच्याकडं बघितलं की ऐकू येत नाय."

स्क्रीन रीडरमध्ये स्क्रीन पूर्ण काळी करायची सोय असते. मी केली. काकांनी डोळे मिटले आणि कामाला लागले. पवार सरांनी मुद्दाम अवघड मेल निवडले होते. काकांनी सगळ्यांची उत्तरं लिहिली, डावं डावं आणि उजवं उजवं. काळ्या स्क्रीनसमोर आम्हाला काहीच दिसत नव्हतं. सर शेवटपर्यंत नुसती बटणं ऐकत राहिले.

ऑफिस स्टाफसाठी ते मॉडेल मी नापास केलं. काकांसाठी हेडसेटसह पास केलं. रिपोर्टमध्ये स्क्रीनच्या रकान्यापुढं 'मंद, पण या वापरासाठी अडचण नाही' असं लिहावं लागलं. ते टाइप करायला मला वेळ लागला.

काका अजून त्याच टेबलावर आहेत. मागच्या हिवाळ्यात उरलेला उजेडही गेला. त्यांनी ते मला एका सकाळी कामाच्या बोलण्यात सांगितलं आणि पुढचा मेल लावला. मी चहा सांगितला.

तेव्हापासून कोणताही लॅपटॉप मी एकटी तपासत नाही. ज्याला तो वापरायचाय त्याला शेजारी बसवते आणि त्याच्या हातानं चालवून बघते. रिपोर्टला उशीर होतो. पवार सर विचारतात, एवढा वेळ का लागला? मी सांगते, माणूस शिफ्टवर होता.