डिस्क जोडणारे सर

‘मॅडम, जरा तिकडे बघा,’ असं म्हणून आमचा कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस रोज सकाळी मॉनिटर भिंतीकडे वळवायचा. असा एक महाभाग तुमच्याही ऑफिसात असेल, म्हणून सांगते.

आमची नाशिकमधली माती, पाणी आणि द्राक्षं तपासायची लहानशी लॅब. सगळे रिपोर्ट त्याने एका व्हर्च्युअल डिस्कमध्ये ठेवले होते. म्हणजे एकच भली मोठी फाइल, पण ती जोडली की कॉम्प्युटरवर वेगळा ड्राइव्ह दिसतो. कॉम्प्युटर बंद केला की ड्राइव्ह गायब, सकाळी पुन्हा जोडायचा.

‘बाहेरचं सॉफ्टवेअर कशाला? विंडोजच्या पोटातच सगळं आहे. पण ते काढायला माणूस लागतो,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग स्क्रीनवर कमांडची काळी खिडकी उघडून तो टकाटक काहीतरी टाइप करायचा, सुस्कारे सोडायचा, मधेच चहा मागवायचा. पाऊण तासाने ड्राइव्ह यायचा. तोवर आम्ही ‘सर, सर’ करत ताटकळायचो. त्या सुस्काऱ्यांची मला मनस्वी चीड यायची.

एकदा हा न सांगता मनमाडला लग्नाला गेला. इकडे दिंडोरीचे एक बागाईतदार काका दारात उभे. ‘ताई, कंटेनर दुपारी निघतोय. द्राक्षांवरल्या फवारणीचा रिपोर्ट नाय मिळाला तर माल हितंच पडंल.’

मी फोन लावला. मागे बँड वाजत होता. ‘हात लावू नका मॅडम, सगळं उडून जाईल. उद्या येऊन बघतो.’

काका खुर्चीच्या कडेवर बसून माझ्याकडे बघत होते. काही उडालं असतं तर माझी नोकरी गेली असती. तरी मी ती फाइल शोधली आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं. ड्राइव्ह आला. एवढंच. दोन वर्षं या माणसाने आम्हाला बावळट समजून नाचवलं होतं. काका रिपोर्ट घेऊन पळाले.

दुसऱ्या दिवशी तो आल्यावर सगळ्यांसमोर, साहेबांसमोरसुद्धा, मी त्याला ते करून दाखवलं. सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसले.

‘मला माहीत होतं, मॅडम,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘पण दोन सेकंदांच्या कामाला माणूस कोण ठेवतो?’

ढोंगीच होता तो, आजही म्हणेन. पण महिनाअखेरीस साहेबांनी त्याला येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा मला त्याच्याकडे बघवलं नाही. त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही.