मामाजींची जागा

हे मी कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही. सभेत बोललो नाही, पापनिवेदनात फादरांनाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

देवळीच्या बसस्टँडवर घसा फोडून पत्रकं वाटणारा पोरगा पाहिला असेल तुम्ही — तो मी. ‘भीती गेल्याशिवाय स्वातंत्र्य कसलं?’ — हे वाक्य माझं. आज वाचवत नाही, पण माझंच.

आंजीच्या पुढं आमचं खेडं. कॅथलिक घर एकच, आत्याचं. तिनंच मला वाढवलं. जातधर्म न मानणाऱ्या चळवळीत गेल्यावर मी धर्म सोडला असं गावाला वाटलं — आणि मी वाटू दिलं. सोयीचं होतं ना!

पंधरा ऑगस्ट. आमच्याकडं त्याच दिवशी मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. सकाळी गुपचूप वर्धेला जाऊन शेवटच्या बाकावर मिस्सेची प्रार्थना ऐकली, ख्रिस्तप्रसाद घेतला. मग चर्चच्या अंगणात झेंडावंदन. देव आणि देश, दोन्ही एकाच छातीत मावत होते — तिथं कुणालाच अडचण नव्हती.

दुपारी गावात ग्रामसभा. मामाजी, म्हणजे आत्याचा नवरा, तेव्हा अंथरुणाला खिळलेले. आत्या उभी राहिली. म्हणाली, उद्या यायच्या मातीले, पुराले, गावातच थोडी जागा द्या.

सरपंच हसले. “एका घरापायी जागा? अजून कोन आहे तुमच्यातलं? हात वर करा!”

सगळं गाव माझ्याकडं वळलं. शेजारी चळवळीतले दोस्त, पत्रकं वाटायला आलेले. काय बोलायचं होतं? — मी आहे. एवढंच. सकाळी ज्या जिभेवर प्रसाद घेतला, ती जीभ काय म्हणाली?

“मी फक्त भारतीय आहे.”

टाळ्या! काय टाळ्या पडल्या हो! शब्द खरा होता — आणि मी तो भेकडासारखा वापरला. देशाच्या आड लपलो. यापेक्षा देशाचा मोठा अपमान कुणी केला असेल? विषय तिथंच संपला.

दिवाळीआधी मामाजी गेले. ज्या मातीत जन्मभर राबले, तिथं त्यांना जागा नव्हती. टेम्पोत घालून वर्धेच्या ख्रिस्ती कब्रस्तानात नेलं. परतताना आत्या खिडकीबाहेर पाहत बोलली, “तुह्या हातात पत्रकं होते ना रे बाबू, म्हणून हात वर झाला नसन.”

टोमणा होता की माया — मी विचारलं नाही.

पत्रकं होती. उजव्या हातात.

डावा मोकळा होता.