बारावा गडी सेप हेसलॉप

सेप हेसलॉप माझ्याकडे राहायला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि गेला तेव्हा एकोणतीसचा. दहा वर्षांत तो आमच्या फुटबॉल क्लबच्या पहिल्या संघातून तीन सामने खेळला. तीन! बाकीचे बहुतेक शनिवार त्याने ओव्हरकोट घालून बाकावर बसून काढले.

तो उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या खाणकामगाराचा मुलगा, सात भावंडांतला शेवटचा. मी क्लेगब्रिजच्या गिरणीतली विणकरीण, नवरा गेल्यावर वरची खोली क्लबच्या पोरांना भाड्याने देणारी. जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळे मी ओरडूनच बोलते. सेप इतका हळू बोलायचा की चहाला साखर मागितली तरी मला दोनदा विचारावं लागे. संध्याकाळी जेवून वर जायचा, आणि वरून पावलांचा आवाजसुद्धा यायचा नाही. घरात माणूस आहे की नाही, असं वाटून मीच एकदोनदा जिन्यात जाऊन उभी राहिले.

खेळायचा मात्र झकास. बुधवारी राखीव संघातून उतरला की गोल केल्याशिवाय परतत नसे. पण पहिल्या संघात त्याच्या जागेवर लेन हॉर्सफॉल होता. आमच्याच गल्लीतला, देखणा, बढाईखोर, आणि खरं सांगायचं तर सेपपेक्षा काकणभर सरस. म्हणून सेप बारावा. सामना सुरू होण्याआधी कुणी आजारी पडला तरच बाराव्याला आत घेत. एकदा शिट्टी वाजली की कुणाचा पाय मोडला तरी उरलेल्या दहांनी खेळायचं आणि बाराव्याने बघायचं.

दुसरीकडे जावं तर तेही हातात नव्हतं. मे महिन्यात क्लबने यादीत नाव ठेवलं की माणूस क्लबचा. त्याच्या घराजवळच्या एका क्लबने त्याला दोनदा मागितलं. आमचे मॅनेजर ग्रिमशॉ दोन्ही वेळा म्हणाले, "लेनला काही झालं तर मी कुणाला उभा करू?"

म्हणजे लेनला काहीतरी होण्याखेरीज वाटच नव्हती. सेपला त्याचीच लाज वाटायची. लेन खोकला तरी हा दुसरीकडे बघे.

गावाने त्याला चिडवायचं बाकी ठेवलं नाही. खाटीक अल्बर्ट टॅटरसॉल तर दर शुक्रवारी दुकानभर ऐकू जाईल असं विचारायचा, "काय रे सेप, उद्या कोट काढतोस की त्यातच पुरायचं तुला?" सेप कसनुसं हसायचा आणि मटणाचं पुडकं घेऊन निघायचा.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत कपचा मोठा सामना आमच्याच मैदानावर होता. विसाव्या मिनिटाला लेन मांडी धरून खाली बसला. त्याला डाव्या कडेला लंगडत उभा केला आणि आम्ही दहा माणसांनिशी दोन गोलांनी हरलो. सेप बाकावर बसून होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मला पायऱ्यांवरून दिसला. मला वाटलं, थंडीने.

मे महिन्यात क्लबने नवा, तरुण गडी घेतला आणि सेपला मोकळं केलं. आता त्याला कुणी मागत नव्हतं. भावाने खाणीत काम बघून ठेवलं होतं. तो बॅग भरत होता तेव्हा मी इस्त्रीचे शर्ट घेऊन वर गेले.

"मिसेस क्रॉनशॉ," तो म्हणाला, "लेनची मांडी त्या कपच्या दिवशी खेळताना नाही गेली. गुरुवारीच गेली होती."

"तुला काय माहीत?"

"सामन्याच्या सकाळी त्यानेच सांगितलं. म्हणाला, इंग्लंडचा संघ निवडणारे आलेत आज, तोंड उघडू नकोस."

"आणि तू नाही उघडलंस?"

"ग्रिमशॉसाहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो. हात वर केला होता वाजवायला."

"मग?"

"लोक म्हणाले असते, बघा, दहा वर्षं टपून बसला होता."

माझा असा संताप झाला की शर्ट पलंगावर आपटले. "अरे गाढवा, अख्खं गाव तुझ्यासाठी टपून बसलं होतं! तो अल्बर्ट, संघ मैदानात आला की आधी तुमच्या जागेचा नऊ नंबर कुणाच्या पाठीवर आहे ते बघायचा. लेन दिसला की शिव्या घालायचा. आणि मी? मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. दहा वर्षं त्या गारठ्यात उभी राहिले, ती काय लेनचं थोबाड बघायला?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. "अल्बर्ट? तो तर माझी टर उडवायचा."

"मग काय तुझा मुका घेणार होता? आमच्याकडे आवडत्या माणसाशी असंच बोलतात."

"आमच्याकडेही तसंच आहे," तो म्हणाला. बराच वेळ हातातल्या मोज्यांची घडी घालत राहिला. "पण दहा वर्षांत तुम्ही कुणी एकदा, एकदाच नीट सांगितलं असतंत ना, तर मी ते दार वाजवलं असतं."

मी पलंगावर आपटलेले शर्ट उचलले आणि एकेक करून नीट घडी घालून त्याच्या बॅगेत ठेवू लागले.